पोथीत दडलेली यंत्रे

मध्ययुगीन हस्तलिखितांत यंत्रे दोन रीतींनी आढळतात. पहिल्या रीतीत यंत्र पानावरच काढलेले किंवा बसवलेले असते. तेराव्या शतकात इंग्लंडमधील मॅथ्यू पॅरिस या मठवासी लेखकाच्या हस्तलिखितांत सणाच्या तारखा काढण्यासाठी फिरवायची गोल चकती आहे. अल्‌-जझरी या कारागिराने १२०६ साली अरबीत पुरा केलेल्या ग्रंथात हत्तीच्या आकाराच्या घड्याळासह पन्नास यंत्रांची वर्णने रंगीत आकृत्यांसह दिली आहेत. दुसऱ्या रीतीत यंत्र शब्दांत असते. श्लोक वाचायचा, त्यातले आकडे सोडवायचे, लाकूड, तांबे, मेण जमवायचे आणि यंत्र घडवायचे. महाराष्ट्रातील पोथ्यांत मुख्यतः ही दुसरी रीत दिसते. चाळीसगावजवळच्या पाटणपासून यादवांच्या देवगिरीपर्यंत आणि तिथून कोकणातल्या नांदगावापर्यंत सुमारे चारशे वर्षांच्या काळात या भूमीत अशी यंत्रे लिहिली गेली. त्यांतली बरीच आजही जशीच्या तशी चालवून पाहता येतात.

श्लोकांत यंत्र ठेवण्याची रीत

पोथी म्हणजे सुट्या, आडव्या पानांची चळत. काजळाच्या शाईत बोरू बुडवून ती लिहायची, चूक झाली की पिवळ्या हरताळाने झाकायची, वरखाली लाकडी फळ्या ठेवायच्या आणि सगळे रुमालात बांधायचे. हातोहात फिरणाऱ्या सुट्या पानांवर फिरती चकती टिकणे कठीण. आकृतीचेही तसेच. नक्कल करणारा लेखक अक्षरे इमानाने उतरवी, पण कंपास-पट्टीचे काम त्याला जमेलच असे नसे. म्हणून आकृती असलेल्या पोथ्यांबरोबर आकृती गळालेल्या प्रतीही मिळतात. श्लोक मात्र टिकतो. एक अक्षर गळाले तरी वृत्त मोडते आणि चूक लगेच कानाला खटकते. यंत्राची मापे वृत्तात बांधण्याचे कारण हे होते.

ही मापेही उघड आकड्यांत नसत. त्यासाठी भूतसंख्या वापरत. ख म्हणजे आकाश, म्हणून शून्य. चंद्र किंवा भूमी म्हणजे एक. नेत्र म्हणजे दोन. वेद म्हणजे चार. बाण म्हणजे पाच. अंक म्हणजे नऊ. शब्द डावीकडून वाचायचे, पण आकडे एककाकडून मांडायचे. त्यामुळे ‘खांक’ अंगुळे रुंदीची फळी म्हणजे आधी शून्य, मग नऊ, अर्थात नव्वद अंगुळे. ही किल्ली ज्याला ठाऊक नाही त्याला तो श्लोक आकाशाचे वर्णन वाटेल. ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती सुताराला देण्याजोगे माप येते.

काही ग्रंथांत याहून जास्त झाकून ठेवलेले आहे, आणि तेही जाणूनबुजून. सूर्यसिद्धांताच्या तेराव्या अध्यायात आपोआप फिरणाऱ्या गोलाचा उल्लेख आहे. पारा, पाणी, दोरे, तेल ही साधने तिथे सांगितली आहेत, पण कृती गुप्त ठेवावी, उघड केली तर ती कोणालाही कळेल, अशी ताकीदही आहे. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातील ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथाचा एकतिसावा अध्याय केवळ यंत्रांचा आहे. समईत तेल घालणारी बाहुली, दारावर उभे राहणारे लाकडी पहारेकरी, पाऊस पाडणारी धारागृहे, पाऱ्याच्या बळावर उडणारा लाकडी पक्षी अशी यंत्रे त्यात येतात. त्यांची जुळणी दिलेली नाही. ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी दिली नाही, असे ग्रंथच सांगतो. हा ग्रंथ सर्वांसमोर आला तो मराठी राजघराण्याच्या आश्रयाने. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यातील गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी त्याचे दोन भाग १९२४ आणि १९२५ साली संपादून छापले.

भास्कराचार्यांचा यंत्राध्याय

या परंपरेतली सर्वांत स्वच्छ मांडणी भास्कराचार्यांची आहे. शके १०३६ म्हणजे १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. आपले गाव सह्याद्रीच्या कुशीतले विज्जलविड, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. या ग्रंथाच्या गोलाध्यायात यंत्राध्याय हे प्रकरण आहे. श्लोकांसोबत त्यांनी स्वतःच गद्यात टीका लिहिली, आणि श्लोकात आवळलेले बरेच काही तिथे सैल करून सांगितले.

यंत्राध्यायात दहा यंत्रे येतात: गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक आणि धी. चक्र म्हणजे ३६० अंशांच्या खुणा असलेली टांगती तबकडी. मध्यावरच्या खिळ्याची सावली परिघावर पडते तिथे सूर्याची उंची वाचायची. चाप म्हणजे तिचा अर्धा भाग, तुर्य म्हणजे चतुर्थांश. शंकू म्हणजे सपाट जमिनीवर उभी केलेली बारा अंगुळांची काठी. ही सारी आधीपासून चालत आलेली होती. फलकयंत्र मात्र भास्कराचार्यांची स्वतःची रचना आहे, आणि तिचे वर्णन त्यांनी मन लावून केले आहे.

फलकासाठी नव्वद अंगुळे रुंद आणि त्याच्या दुप्पट लांब अशी गुळगुळीत फळी घ्यायची. साखळीने ती अशी टांगायची की कडा ओळंब्यात राहील. तिच्यावर सारख्या अंतराने नव्वद आडव्या रेषा ओढायच्या. ठरलेल्या ठिकाणी भोक पाडून ते मध्य धरून तीस अंगुळे त्रिज्येचे वर्तुळ काढायचे, आणि त्याच्या परिघावर साठ घटका व ३६० अंश कोरायचे. भोकात खिळा बसवायचा. खिळ्यावर फिरेल अशी साठ अंगुळे लांबीची पट्टी अडकवायची. आता फळीची कड सूर्याकडे करायची, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे ऊन लागते. खिळ्याची सावली परिघाला जिथे छेदते तिथे पट्टी आणायची. त्या दिवसासाठी आणि त्या गावासाठी गणिताने काढलेल्या अंतरावर पट्टीवर खूण करायची. ती खूण आडव्या रेषांच्या आधाराने वरखाली नेऊन परिघावर टेकवली की मध्यान्हाला किती घटका उरल्या किंवा मध्यान्हानंतर किती गेल्या ते कळते. आडव्या रेषा इथे ‘ज्या’ म्हणजे साइन यांचे कोष्टक म्हणून काम करतात. गणकाला एरवी पाटीवर जे गुणाकार-भागाकार करावे लागत ते फळी करते. यंत्राने वेळ दाखवायची आणि हिशेबही करायचा, हा या रचनेचा मोठेपणा आहे.

घटीयंत्राबद्दलचे त्यांचे म्हणणेही असेच विचारपूर्वक आहे. घटीयंत्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची अर्धगोल वाटी. ती पाण्यावर सोडली की हळूहळू भरून बुडते. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. अहोरात्रीच्या साठ घटका. जुन्या ग्रंथांत या वाटीसाठी दहा पळे वजनाचे तांबे आणि भोकासाठी ठरावीक वजन-लांबीची सोन्याची तार असे माप दिलेले असे. भास्कराचार्य हे माप बाजूला ठेवतात. तशी वाटी घडवणे कठीण, आणि त्या मापाला पटण्याजोगे कारणही नाही. त्यांच्या मते वाटी कोणत्याही आकाराची घ्यावी, एका अहोरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजावे आणि त्या संख्येने साठ घटकांना भागावे. जे उत्तर येईल ते त्या वाटीचे माप. ग्रंथातल्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा यंत्र आकाशाशी ताडून पाहावे, ही शिकवण साडेआठशे वर्षांपूर्वीच्या पोथीत इतक्या स्पष्ट शब्दांत आहे.

दहावे यंत्र धी, म्हणजे बुद्धी. भास्कराचार्यांच्या मते सर्वांत खरे यंत्र तेच. त्याला फक्त एक काठी लागते. डोळ्याला काठी लावून दूरच्या बांबूचा बुंधा आणि शेंडा पाहायचा, काठीची दोन टोके आणि डोळ्याची उंची एवढ्यावरून सरूप त्रिकोणांच्या हिशेबाने बांबूचे अंतर आणि उंची सांगायची. बांबू दिसत नसेल आणि पाण्यातले त्याचे प्रतिबिंब दिसत असेल तरी हे साधते.

आपोआप फिरणारी चाके

यंत्राध्यायातला सर्वांत गाजलेला भाग स्वयंवह यंत्रांचा, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या चाकांचा. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली पाऱ्याच्या चाकाचे वर्णन केले होते. भास्कराचार्यांनी तीन प्रकार दिले आहेत.

पहिल्यात हलक्या लाकडाचे चाक, त्याला सारख्या अंतरावर सारख्या आकाराचे, किंचित वळलेले पोकळ आरे. आरे अर्धे पाऱ्याने भरून तोंडे बंद करायची आणि चाक दोन खांबांवरच्या आसावर बसवायचे. दुसऱ्यात चाकाच्या धावेवर सगळीकडून खाच कोरायची, तिच्यावर ताडाचे पान मेणाने चिकटवून पोकळ नळी बनवायची, एका बाजूने पारा आणि दुसऱ्या बाजूने पाणी भरून भोक बुजवायचे.

ही दोन्ही चाके स्वतःहून फिरत राहू शकत नाहीत. आरा खाली उतरताना पारा बाहेरच्या टोकाकडे सरकतो आणि त्या बाजूला जोर वाढल्यासारखा दिसतो. पण एक फेरी पुरी झाली की पारा जिथून निघाला तिथेच परत येतो. उतरताना जेवढे बळ मिळाले तेवढेच त्याला चढवताना खर्ची पडते, वर आसाचे घर्षण आहेच. हाताने गती दिली तर चाक काही वेळ फिरेल आणि थांबेल. ही कल्पना पुढे दूरवर पोचलेली दिसते. पाऱ्याची चाके अरबी हस्तलिखितांत आहेत, आणि फ्रान्समधील व्हिलार द ऑनकूर याच्या तेराव्या शतकातील वहीत सैल हातोड्यांचे तसेच चाक काढलेले आहे. युरोपात पुढे कित्येक शतके माणसे या चाकामागे लागली.

तिसरा प्रकार मात्र खरोखर चालतो. तांब्याची अंकुशासारखी वाकवलेली नळी पाण्याने पूर्ण भरायची आणि तिची दोन्ही टोके बंद करायची. एक टोक पाण्याच्या भांड्यात, दुसरे भांड्याबाहेर खाली ठेवून दोन्ही एकदम उघडली की भांड्यातले पाणी कड ओलांडून बाहेर वाहू लागते. कारागिरांत हिला कुक्कुटनाडी म्हणतात, असे भास्कराचार्य सांगतात. कमळाच्या देठानेही हा प्रयोग करता येतो, असेही ते लिहितात. या नळीचे पाणी चाकाच्या धावेवर बांधलेल्या लोट्यांत पडते, लोटे जड होऊन खाली येतात आणि चाक फिरते. इथे बळ वरच्या भांड्यातल्या पाण्याचे आहे, म्हणून चाक पाणी असेपर्यंतच फिरते.

या यंत्रांबद्दल भास्कराचार्यांनी आपली भूमिका लपवलेली नाही. आधीच्या आचार्यांनी सांगितली म्हणून आपण ती सांगितली, गोलाच्या ज्ञानाशी त्यांचा संबंध नाही, असे ते नोंदवतात. सूर्यसिद्धांताने जी कृती झाकून ठेवायला सांगितली ती त्यांनी मेण आणि ताडपानासकट उघड लिहिली. कृती उघड झाली म्हणूनच ती तपासता आली, आणि कोणते चाक चालेल व कोणते चालणार नाही हे आज ठामपणे सांगता येते.

पाटणचा मठ आणि देवगिरीचा मेरू

पोथीतले यंत्र चालायला शिकवणारा आणि शिकणारा लागतो. ही सोय महाराष्ट्रात झाल्याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवीच्या मंदिरातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा राजज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ साली त्याला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण गावकऱ्यांनी मठाला काय द्यायचे तो तपशील जुन्या मराठीत आहे. ग्रंथ शिकवण्यासाठी मठ आणि मठ चालवण्यासाठी गावाची वर्गणी, अशी ही व्यवस्था होती.

याच सिंघणाच्या पदरी, देवगिरीला, शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा अधिकारी होता. त्याचे घराणे काश्मीरहून दक्षिणेत आलेले. त्याने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात एक यंत्र आहे, आणि ते घडवायला लाकूड-तांबे काहीच लागत नाही. त्याचे नाव खंडमेरू. सात स्वर उलटसुलट क्रमाने मांडले तर ५०४० ताना होतात. या सगळ्या लिहून ठेवल्या तर पोथीच्या पोथ्या भरतील. खंडमेरूत केवळ अठ्ठावीस घरे आहेत. तेवढ्यांवर काही खडे सरकवले की कोणतीही तान कितवी, किंवा अमुक क्रमांकाची तान कोणती, हे काढता येते.

तीन स्वरांपुरता हा मेरू पाहिला की रीत कळते. पहिल्या स्तंभात एकच घर, त्यात १. दुसऱ्या स्तंभात वरून खाली दोन घरे, ० आणि १. तिसऱ्यात तीन घरे, ०, २ आणि ४. मूळ क्रम सा रे ग. आता ‘ग सा रे’ ही तान कितवी ते काढायचे आहे. तानेचा शेवटचा स्वर रे. मूळ क्रमात शेवटून पाहिले तर ग सोडून एक पायरी मागे रे येतो, म्हणून तिसऱ्या स्तंभात वरच्या घरापासून एक घर खाली खडा ठेवायचा. तिथे २ आहे. रे बाजूला काढला. उरलेली तान ‘ग सा’, उरलेला मूळ क्रम ‘सा ग’. शेवटचा स्वर सा, तो शेवटून एक पायरी मागे, म्हणून दुसऱ्या स्तंभात एक घर खाली, तिथे १. उरला ग, त्याचा खडा पहिल्या स्तंभात, तिथे १. बेरीज दोन अधिक एक अधिक एक, म्हणजे चार. ही चौथी तान. प्रस्तार, म्हणजे सगळ्या तानांची क्रमवार यादी, पूर्ण लिहून पाहिला तर सारेग, रेसाग, सागरे, गसारे असाच क्रम येतो आणि चौथी तान गसारे हीच निघते.

सात स्वरांसाठी हाच मेरू वाढत जातो. चौथ्या स्तंभात ०, ६, १२, १८. पाचव्यात चोवीसच्या पटी. सहाव्यात १२० च्या. सातव्यात ७२० च्या. सर्वांत खालच्या घरांची बेरीज १, १, ४, १८, ९६, ६०० आणि ४३२० मिळून बरोबर ५०४० होते. तान ठाऊक असून क्रमांक काढायचा त्याला उद्दिष्ट म्हणत, आणि क्रमांक ठाऊक असून हरवलेली तान शोधायची त्याला नष्ट. पानाला धक्का न लावता, घरांवर खडे ठेवून चालणारे हे गणनयंत्र ‘पोथीतले यंत्र’ या वर्णनाला सर्वांत जवळ जाते.

नांदगावचा चाबूक

यादवांचे राज्य गेल्यावरही यंत्रग्रंथांची परंपरा थांबली नाही. फिरोजशहा तुघलकाच्या काळात महेंद्रसूरी या जैन आचार्याने १३७० साली ‘यंत्रराज’ लिहून अरबी-फारसी जगातले अस्तुरलाब हे यंत्र संस्कृतात आणले. पंधराव्या शतकात पद्मनाभाने ध्रुवाजवळच्या ताऱ्यांवरून रात्रीची वेळ सांगणारे ध्रुवभ्रमयंत्र रचले. या माळेतला रायगड जिल्ह्याचा मणी म्हणजे गणेश दैवज्ञ.

मुरूडजवळचे समुद्रकाठचे नांदगाव हे गणेश दैवज्ञांचे गाव. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाश पाहून जुन्या ग्रंथांतले अंतर नोंदवणारे ज्योतिषी. शके १४४२ म्हणजे १५२० साली गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ लिहिला. ज्या-चापांची किचकट कोष्टके टाळून सोप्या गुणाकार-भागाकारांवर ग्रहगणित आणणारा हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातल्या पंचांगांचा आधार झाला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथावरची ‘बुद्धिविलासिनी’ ही त्यांची टीका १५४५ सालची. यंत्रांवरही त्यांनी लिहिले, आणि त्यातले प्रतोदयंत्र प्रवासी माणसासाठी आहे.

प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यासारखी उभी, पैलू पाडलेली काठी, वर टांगण्यासाठी कडी, आणि वरच्या टोकाजवळ पैलूंवर भोके. जो महिना चालू असेल त्याच्या पैलूच्या भोकात आडवी शलाका खोचायची, काठी कडीने धरून शलाका सूर्याच्या दिशेला आणायची, म्हणजे तिची सावली सरळ त्या पैलूवर खाली पडते. सावलीचे टोक ज्या खुणेवर येईल तितक्या घटका दिवस गेला, किंवा दुपारनंतर तितक्या उरल्या. दक्षिणायन-उत्तरायणाच्या बिंदूपासून मागेपुढे सारख्या अंतरावर सूर्य असताना दिवस सारखाच असतो. २१ एप्रिलची आणि २२ ऑगस्टची सावली जवळजवळ एकच. म्हणून एका पैलूवर दोन महिन्यांचे काम भागते आणि बारा महिने थोड्याच पैलूंत मावतात.

प्रत्येक पैलूच्या खुणा वेगळ्या का लागतात, हे रायगड जिल्ह्यातच बोरघाटाच्या पायथ्याशी, कर्जतला लागून असलेल्या भिसेगावाचे उदाहरण घेऊन पाहता येते. भिसेगावचे अक्षांश सुमारे १८.९. शलाका पाच सेंटीमीटरची घेतली तर २१ मार्चच्या मध्यान्ही काठीवरची सावली सुमारे १४.६ सेंटीमीटर लांब पडेल. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणून ती साडेपाच सेंटीमीटरच भरेल. २१ मार्चला तेवढीच साडेपाच सेंटीमीटर सावली सकाळी, सूर्योदयानंतर सुमारे साडेआठ घटकांनी पडून जाते. म्हणजे एकाच उंचीवरची खूण डिसेंबरात मध्यान्ह सांगते आणि मार्चात मध्यान्हाच्या अडीच तास आधीची वेळ. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस भिसेगावला सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. त्या वेळी सावली काठीवरून खाली निसटून जाते. म्हणून उन्हाळ्याच्या पैलूवर आखूड शलाका लावावी लागते किंवा मध्यान्हाजवळच्या घटका सोडाव्या लागतात.

पैलूवरच्या घटका आखायला दिवसाची लांबीही लागते, आणि ती काढायला गणकाला आज वापरतात ती त्रिकोणमिती लागत नसे. २१ मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र सारखी असताना, बारा अंगुळांच्या शंकूची मध्यान्हीची सावली मोजायची. तिला पलभा म्हणत. ग्रहलाघवातला नियम असा की पलभेला दहाने, आठने आणि दहा-तृतीयांशाने गुणायचे. नांदगावची पलभा जवळजवळ नेमकी चार अंगुळे. गुणाकार येतात ४०, ३२ आणि १३⅓ पळे (इथे पळ म्हणजे घटकेचा साठावा भाग), बेरीज ८५⅓. दिवसाच्या अर्ध्याला, पंधरा घटकांना, ही बेरीज मिळवून दुप्पट केली की वर्षातला सर्वांत मोठा दिवस ३२ घटका ५१ पळांचा येतो. हे झाले तेरा तास आठ मिनिटे. हीच बेरीज वजा केली की सर्वांत लहान दिवस २७ घटका ९ पळे, म्हणजे दहा तास बावन्न मिनिटे. आधुनिक भूमितीही जवळजवळ हेच उत्तर देते. छापील पंचांगातला दिवस काही मिनिटांनी मोठा असतो, कारण हवेत प्रकाश वाकतो आणि सूर्योदय बिंबाच्या वरच्या कडेपासून धरतात. भिसेगावची पलभा किंचित जास्त, ४.१ अंगुळे, तिथला सर्वांत मोठा दिवस नांदगावपेक्षा दोन मिनिटांनीही मोठा नाही. काशीची पलभा पावणेसहा, तिथे तोच दिवस ३४ घटका ५ पळांचा होतो. म्हणून नांदगावी आखलेला चाबूक घाटाच्या पायथ्यापर्यंत चालतो, काशीला नेला तर नव्याने आखावा लागतो.

पावसाळा, लग्ने आणि घटिकापात्र

कोकणात जूनपासून चार महिने सावलीची यंत्रे बहुतेक निरुपयोगी होतात. रात्री तर ती चालतच नाहीत. त्या वेळी आधार घटिकापात्राचा, म्हणजे त्याच घटीयंत्राचा. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी सोडायची, ती बुडली की काढून पुन्हा सोडायची आणि मोजत राहायचे. लग्नमुहूर्तासाठी जोशी सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला घटिका घालीत आणि अंतरपाट दूर करण्याचा क्षण तीवरून ठरत असे. मनगटी घड्याळे घरोघर आल्यावरही ही चाल काही काळ विधी म्हणून राहिली.

या यंत्राच्या बिघाडाची एक कथा जगभर पसरली आहे. फैजी या फारसी कवीने १५८७ साली ‘लीलावती’ ग्रंथाचा फारसीत अनुवाद केला, त्यात ती येते. भास्कराचार्यांची कन्या लीलावती घटिकापात्रात वाकून पाहत असता तिच्या अंगावरच्या दागिन्यातला मोती गळून भोकावर बसला, वाटी बुडाली नाही आणि लग्नाचा मुहूर्त टळला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत ही हकीकत नाही, ती त्यांच्यानंतर चारशे वर्षांनी लिहिलेली आख्यायिका आहे. तिच्यात यंत्राचे मर्म मात्र अचूक आले आहे: सगळा काळ त्या एका बारीक भोकावर अवलंबून असतो.

पोथीतून छापखान्यात

ही विद्या महाराष्ट्रातून काशीला गेली. गोदावरीकाठच्या गोलग्रामचे दिवाकर हे गणेश दैवज्ञांचे शिष्य. त्यांचे पुत्र-नातू काशीत स्थायिक झाले. पुत्र मल्लारी आणि विश्वनाथ यांनी ग्रहलाघवावर, तर नातू नृसिंह यांनी १६२१ साली सिद्धांतशिरोमणीवर टीका लिहिली. नृसिंहांचे पुत्र कमलाकर यांनी १६५८ साली ‘सिद्धांततत्त्वविवेक’ पुरा केला. टीकाकार आकडे सोडवून दाखवीत, उदाहरणे करून देत. श्लोकात आवळलेले यंत्र उलगडण्याचे काम या टीकांनी पिढ्यान्‌पिढ्या केले.

एकोणिसाव्या शतकात या पोथ्या रुमालातून बाहेर येऊन छापल्या जाऊ लागल्या. लॅन्सलॉट विल्किन्सन यांचे गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर काशीतील मराठी पंडित बापूदेव शास्त्री यांच्या हातून १८६१ साली कलकत्त्यात प्रसिद्ध झाले. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये संगीतरत्नाकर छापला, आणि १९३७ साली बुद्धिविलासिनीसह लीलावती. मुरूड गावचे, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरूडचे, शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली निघाला. मराठीत लिहिलेल्या या इतिहासात केशव-गणेश या पितापुत्रांचे नांदगाव आणि त्यांचे कार्य यांची साक्षेपी नोंद झाली.

या सर्व यंत्रांचा आज हिशेब मांडला तर पाऱ्याची चाके आपोआप फिरणार नाहीत आणि भोजाचा लाकडी पक्षी उडणार नाही. कुक्कुटनाडी, घटिकापात्र, फलक, शंकू आणि प्रतोद ही पोथीतल्या मापांनी करून पाहिली तर चोख चालतात, आणि खंडमेरू तर पाटीवर खडूने आखून कोणत्याही शाळेत चालवता येतो. ही यंत्रे पुन्हा उभी करण्याजोगी राहिली याचे श्रेय तिघांना आहे: माप वृत्तात बांधणारे ग्रंथकार, ते माप उलगडून दाखवणारे टीकाकार, आणि पोथी उतरवून काढणारे, बहुधा अनाम राहिलेले लेखक.